ब्लॉगला वाचक आहेत, पण जाहिरातीचं उत्पन्न वाढत नाही. काय करावं?

वेळणेश्वरची_लेक

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातला आमचा गाव आणि आसपासचा किनारा या विषयावर मी मराठीत ब्लॉग लिहिते. ब्लॉगरवरच आहे, फक्त डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःचं घेतलंय. देवळं, जत्रा, आजीचे पदार्थ, हेदवीची बामणघळ, दाभोळ-धोपावे फेरीबोट, असं सगळं त्यात येतं. महिन्याला साधारण दहा-बारा हजार वेळा पानं उघडली जातात. गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती आहेत, पण महिन्याचा आकडा सात-आठ डॉलरच्या वर सरकत नाही. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे खात्यात येत नाहीत, म्हणजे वर्षातून एकदा काय ते हातात पडणार.

जाहिरातींची संख्या वाढवायची तर पान भरून जातं. माझी आई फोनवर वाचते. तिला मजकूर शोधत खाली-खाली जावं लागलेलं मला आवडत नाही.

इंग्रजीत लिहायला लागू का? दुसऱ्या एखाद्या जाहिरात कंपनीकडे जाऊ का? नोकरी सोडायचा वगैरे विचार नाही. डोमेनचे पैसे आणि किनाऱ्यावर फिरायचा खर्च यातून निघाला तर मला आणखी चार गावांबद्दल नीट लिहिता येईल. अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावं.

रत्नांग्री_वेब

ताई, दहा-बारा हजार पानांना सात-आठ डॉलर म्हणजे हजार पानांमागे पाऊण डॉलरच्या आत-बाहेर. मराठी ब्लॉगला हा दर अगदीच वाईट नाही, पण सुधारायला वाव आहे.

२०२४ च्या सुरुवातीपासून अ‍ॅडसेन्स क्लिकवर नाही, तर जाहिरात दिसण्यावर पैसे मोजतं. त्यामुळे पानाच्या तळाशी सात जाहिराती लावून उपयोग नाही, तिथपर्यंत कोणी पोचतच नाही. पहिल्या परिच्छेदानंतर एक, मजकुराच्या मध्यावर एक आणि पडद्याच्या खालच्या कडेला चिकटून राहणारी एक, एवढ्यावर थांबा. आपोआप लागणाऱ्या ऑटो जाहिरातींच्या सेटिंगमध्ये प्रमाणाचा सरकता काटा असतो, तो खाली आणा. पान बदलताना अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात बंद करून दोन आठवडे बघा.

आणि फोटो. फोनमधून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवत असाल तर वेळणेश्वरच्या रेंजमध्ये पान उघडणार कधी आणि जाहिरात दिसणार कधी? रुंदी १२०० पिक्सेल ठेवा. गूगल फोनवर स्वतःहून लेख सुचवतं त्या डिस्कव्हरमध्ये मोठा फोटो दिसायला एवढी रुंदी लागते. वजन मात्र दोन-तीनशे केबीत बसवा. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, हा गूगलचाच निकष आहे.

अर्थविचार

विषय बदला. पाककृती आणि देवळं यांना जाहिरातदार पैसे देत नाहीत. विमा, कर्ज, क्रेडिट कार्ड यावर लिहा, दर कितीतरी पटींनी जास्त मिळतो. मराठीत या विषयांवर लिहिणारे अजून कमी आहेत.

देवगडची_वहिनी

लेकीची पोस्ट काल रात्री वाचली, सविस्तर लिहायचं म्हणून आज बसले. माझा ब्लॉग देवगड-मालवण पट्ट्याचा. जास्त करून रांधपाचा, थोडा प्रवासाचा. बरीच वर्षं चालवतेय आणि घरच्या विजेचं बिल, मुलाच्या क्लासची फी त्यातून भरते, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

आधी वरच्या सल्ल्याबद्दल. विम्याच्या, कर्जाच्या जाहिरातींना दर जास्त, हे खरंच आहे. पण त्या विषयांवर बँका, विमा कंपन्या आणि मोठी वर्तमानपत्रं आधीपासून ठाण मांडून बसलीत. वेळणेश्वरात बसून मुदत विम्याबद्दल तुम्ही वेगळं काय सांगणार? चांगल्या दराचा विषय तुमच्या दारातच आहे: गावची जमीन. मुंबईला राहणाऱ्या माणसाचं नाव सातबाऱ्यावर चढायचं राहिलेलं असतं, आजोबा जाऊन वर्षं लोटलेली असतात, चुलते बोलत नाहीत, आणि वारस नोंदीला काय कागद लागतात हे तो रात्री अकरा वाजता फोनवर शोधत असतो. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो, हे शहरातल्या कित्येकांना बयाणा दिल्यावर कळतं. तुमच्या घरात कोणी तलाठ्याकडे, तहसीलला हेलपाटे घालून हे काम केलं असेल तर त्यांच्यासमोर बसून एकेक पायरी लिहून घ्या. त्या पानावर गृहकर्जाच्या, प्लॉटच्या जाहिराती आपोआप लागतील. घरात कोणी केलेलं नसेल तर मात्र लिहू नका. ऐकीव माहितीवर लोक कागदपत्रं करतात, त्यात त्यांचं नुकसान होतं.

आता फेरीबोट. तुमच्या यादीत तो विषय वाचला आणि मी तिथेच थांबले. तुमचं सगळ्यात कमावतं पान तेच होऊ शकतं.

दाभोळच्या धक्क्यावर गाडी लावून, पोरं मागे कुरकुरत असताना जो माणूस तुमचं पान उघडतो, त्याला त्या क्षणी खाडीचं वर्णन नको असतं. पहिली बोट कधी, शेवटची कधी, चारचाकीला किती पैसे, टेम्पो ट्रॅव्हलर चढते का, भर पावसात बोट चालू असते का, गणपतीत रांग किती लागते, धोपाव्याला उतरून गुहागरकडे कुठून वळायचं, वाटेत पेट्रोल पंप आहे का. ही सगळी उत्तरं पहिल्या पडद्यात हवीत. त्याच्या वर एक ओळ: ही माहिती अमुक तारखेला धक्क्यावर जाऊन तपासली. ती तारीख खरी असली पाहिजे, आणि तुम्ही तिथेच राहता म्हणून ती खरी ठेवणं तुम्हालाच जमेल, पुण्यात बसून लिहिणाऱ्याला नाही. खाडी, अंजनवेल, गोपाळगड याबद्दल खाली मनसोक्त लिहा. बोटीची वाट बघताना माणूस तेही वाचतो.

आणि मग त्या पानावरून पुढचं पान द्या. दाभोळहून आलेला माणूस बहुतेक वेळा गणपतीपुळ्याला निघालेला असतो. म्हणजे त्याला पुढे तवसाळ-जयगड फेरी लागणार. वाटेत तुमचं वेळणेश्वर, हेदवी. दुपारी जेवायला कुठे थांबायचं? एका भेटीत त्याने एकाऐवजी दोन पानं वाचली की एकही जाहिरात न वाढवता तुमचं उत्पन्न दुपटीच्या जवळ जातं. 'आणखी वाचा' म्हणून खाली दहा चौकटी टाकण्यापेक्षा मजकुरात, जिथे त्याला तो प्रश्न पडेल नेमका तिथे, एक दुवा द्या. माझ्याकडे कुणकेश्वरच्या पानावरून मिठबावच्या पानावर जितके लोक जातात, तितके मुखपृष्ठावरून कुठेच जात नाहीत.

लोक काय शोधत येतात हे अंदाजाने ठरवू नका. गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, ते जोडा. गेल्या १६ महिन्यांपर्यंतची माहिती त्यात दिसते, त्यामुळे मागच्या मे महिन्याची यंदाच्या मेशी तुलना करता येते. ज्या शोधांत तुमचं पान आठव्या ते पंधराव्या क्रमांकावर आहे ते आधी हातात घ्या. तिथे थोडी भर घातली की पान वर सरकतं. अजून एक गोष्ट त्यात दिसेल: आपली माणसं वाचतात मराठी, पण टाइप करतात रोमन लिपीत आणि शेवटी 'इन मराठी' लावतात. म्हणून पानाच्या पत्त्यात आणि पहिल्या परिच्छेदात एकदा गावाचं नाव रोमन अक्षरांतही येऊ द्या. एकदाच. सगळीकडे कोंबू नका.

हंगामाचं सांगते. जाहिरातदारांचा पैसा ऑक्टोबर ते डिसेंबर सैल असतो आणि जानेवारीत एकदम आखडतो, हे सगळीकडे सारखंच. आपला वाचक मात्र कोकणाच्या पंचांगाने चालतो: गणपती, दिवाळीची सुट्टी, नाताळ, शिमगा, मे महिना. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे जुलैच्या मध्याला चाकरमानी तिकिटाला बसणार. 'चिपळूणला उतरून गुहागरला कसं पोचायचं' हे पान तेव्हा लिहायला घेतलंत तर उशीर झाला. गूगलला पान सापडून वर यायला आठवडे जातात. जूनच्या सुरुवातीला, गावात पेरणी सुरू असताना, गणपतीचं पान तयार पाहिजे. आणि दर वर्षी नवं पान काढू नका. तेच पान, तोच पत्ता, आत माहिती ताजी करायची. पत्त्यात वर्ष घालायचं नाही.

तुमच्या आईबद्दल लिहिलंत ते मला फार पटलं. माझा वाचक म्हणजे बरेचदा ओट्याशी उभी असलेली बाई. उकडीच्या मोदकांचं पान ती उघडते तेव्हा उकड निघालेली असते, गरम असतानाच मळायची असते, हात पाण्या-तेलाचे असतात. अशा वेळी मध्येच जाहिरात उगवून मजकूर खाली ढकलला गेला की ती 'एक वाटी पाणी' वाचत होती ते कुठल्या कुठे जातं. तिने परत आपल्या पानावर का यावं? म्हणून साहित्य आणि कृती यांच्या मध्ये मी जाहिरात लावत नाही, पदार्थाची पार्श्वभूमी संपते तिथे एक आणि कृती संपल्यावर एक लावते. जाहिरातीच्या जागेची उंची आधीच राखून ठेवते, म्हणजे ती उशिरा आली तरी मजकूर हलत नाही. जुगाराच्या, झटपट कर्जाच्या, वजन घटवण्याच्या जाहिराती अ‍ॅडसेन्सच्या ब्लॉकिंग कंट्रोलमधून बंद ठेवल्यात. पानावरच्या जागेसाठी बोली लावणारे जाहिरातदार कमी होतात, दर थोडा पडतो. पडू दे. माझ्या पानावर भरवसा ठेवून आलेल्या माणसाला मी ते दाखवणार नाही.

इंग्रजीचं म्हणाल तर अ‍ॅडसेन्सने मराठी पानं स्वीकारायला २०१८ मध्ये सुरुवात केली, पण मराठी पानांसाठी बोली लावणारे अजून कमी आहेत. शिवाय दर ठरतो तो वाचक कुठल्या देशात बसलाय त्यावरही. अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या आपल्या लोकांची एक भेट इथल्या कित्येक भेटींच्या तोडीची असते. म्हणून फेरीबोटीचं आणि एक-दोन पदार्थांचं पान इंग्रजीत वेगळं करा, जरूर. एकाच पानावर दोन भाषा मिसळू नका. ब्लॉगचा जीव मराठीतच ठेवा, कारण तुमच्या गावाबद्दल मराठीत लिहिणारं दुसरं कोणी नाही. बाकीच्या मोठ्या जाहिरात कंपन्या सध्या विसरा. मीडियाव्हाइनसारख्या कंपनीची महिन्याला ५०,००० भेटींची अट वर्षानुवर्षं होती, आणि त्यांना हवा असतो तो मुख्यतः इंग्रजी वाचणारा, पाश्चात्य देशांतला वाचक.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तुमचे सात-आठ डॉलर म्हणजे साधारण सहाशे-सातशे रुपये. गावातल्या एकाच घरगुती निवासवाल्याने फेरीबोटीच्या पानावर एक चौकट घेतली आणि महिन्याला पाचशे रुपये दिले, तर कुठलाही नवा वाचक न आणता तुमचं उत्पन्न जवळजवळ दुप्पट झालं. त्याचंही हित आहे. त्याला अमेरिकेतला वाचक नकोच आहे. त्याला दाभोळच्या धक्क्यावरचा तो कुटुंबवाला हवाय, आणि तो फक्त तुमच्याकडे आहे. मोठ्या बुकिंग साइट दर खोलीमागे टक्के कापून घेतात, तुम्ही ठरलेली रक्कम घेता. अ‍ॅडसेन्ससोबत अशी स्वतःची जाहिरात लावायला मनाई नाही. फक्त चौकटीवर स्वच्छ 'जाहिरात' असं लिहा. पैसे घेऊन लिहिलंय हे वाचकाला कळलं पाहिजे, अशी जाहिरात मानक परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ पासून आहेत. दुव्याला गूगलसाठी 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावा.

वेळणेश्वरची_लेक

वहिनी, खूप खूप आभार. फेरीबोटीचं पान आत्ताच उघडून बघितलं. वेळा अगदी तळाशी आहेत, त्या आज वर आणते. वारस नोंदीचं काम आमच्या काकांनी केलंय, त्यांना विचारते.

निवासवाल्यांकडे जायला मात्र संकोच वाटतो, सगळे ओळखीचेच आहेत. दर काय सांगायचा, आणि एकाची घेतली म्हणून दुसरा रागावला तर? शिवाय अ‍ॅडसेन्सचं पत्ता पडताळण्यासाठी येणारं पिनचं पत्र अजून आलेलं नाही. त्याचं काय करायचं?

चाकरमानी_डोंबिवली

पिनबद्दल मी सांगतो, गावच्या पत्त्यावर मीही मागवला होता. खात्यात १० डॉलर झाले की ते पत्र साध्या टपालाने निघतं, रजिस्टर नसतं. त्यामुळे पत्ता आपल्या पोस्टमनला कळेल असा हवा: घराचं नाव, वाडी, मु. पो., तालुका, जिल्हा, पिनकोड. नुसतं गावाचं नाव घातलं तर एकाच आडनावाच्या दहा घरांत ते फिरत राहतं. पोस्टात जाऊन आधीच सांगून ठेवा. तीन आठवडे होऊनही आलं नाही तर खात्यातून पुन्हा मागवता येतं, तरीही नाहीच पोचलं तर ओळखपत्र चढवून पडताळणी होते. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत हे उरकलं नाही तर पानावरच्या जाहिराती थांबतात, म्हणून चालढकल करू नका.

पैसे परदेशातून वायर ट्रान्सफरने येतात, महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघतात. बँकेच्या गावातल्या शाखेला बहुतेक वेळा स्विफ्ट कोड नसतो, त्या बँकेच्या मोठ्या शाखेचा विचारून घ्या. खात्यावरचं नाव आणि अ‍ॅडसेन्सवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. प्रत्येक वेळी बँक काहीतरी शुल्क कापते, म्हणून पैशांची घाई नसेल तर अ‍ॅडसेन्समध्ये स्वतःची मर्यादा १०० ऐवजी २००-३०० डॉलर करून ठेवा. कमी वेळा येतील, कमी कापले जातील. आणि हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवायचं असतं, बँकेचा परकीय रकमेचा दाखला जपून ठेवा.

देवगडची_वहिनी

संकोच समजू शकते. पण तुम्ही मागायला जात नाही आहात, दाखवायला जाताय. फेरीबोटीचं पान गेल्या मे महिन्यात किती जणांनी उघडलं तो आकडा कागदावर लिहून न्या. आकडा फुगवू नका. गावात राहायचंय आपल्याला. चौकटीत त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा द्या, आणि त्यात आधीच टाइप होऊन येणारं वाक्य ठेवा: 'फेरीबोटीचं पान वाचून विचारतोय'. मग पाहुणा कुठून आला हे त्यांना स्वतःच्या फोनवरच दिसतं, तुम्हाला पटवत बसावं लागत नाही.

दर महिन्याचा सांगू नका, हंगामाचा सांगा. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, महिन्याला पाचशे धरून चार हजार. एवढे एकदम जड वाटत असतील तर अर्धे दिवाळीआधी, अर्धे होळीनंतर. जून ते सप्टेंबर चौकट तशीच राहू दे, त्याचे पैसे घेऊ नका. पावसात त्यांच्याकडेही पाहुणा नसतो.

रुसव्याफुगव्याचं असं, की एका पानावर दोनच चौकटी ठेवायच्या आणि हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचा. फेरीबोटीच्या पानावर जागा नसेल तर हेदवीच्या पानावर आहे, बामणघळीच्या पानावर आहे. निवासवाल्याशिवाय खानावळ, आंबेवाले, कोकम-आगळवाले, गाडीवाले, सगळ्यांनाच पाहुणा हवा असतो. आंबेवाल्याला मात्र आधी विचारा, फळ कुठल्या बागेतलं आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा कोकणच्या नावावर विकणारे आहेतच, आणि आपल्या पानावरून फसलेला माणूस आपल्यालाच विचारणार.

ज्या घराची जाहिरात घ्याल तिथे आधी एकदा जाऊन या. न्हाणीघर बघा, पाणी बघा, जेवून बघा. जे पसंत पडणार नाही त्याचे पैसे घेऊ नका, नातेवाईक असला तरी. पैशांची पावती द्या, वहीत लिहा. गणपतीआधी दोन घरं ठरली तरी तुमचा फिरायचा खर्च सुटतो. वारस नोंदीचं पान तयार झालं की इथे दुवा टाका. माझ्या माहेरच्या जमिनीचं काम अडलंय, मीच पहिली वाचेन.